मूल ‘टोचतंय’ म्हणतं तेव्हा

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं लहान मुलांच्या वाढीच्या अडचणींशी काय देणंघेणं, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. निदान कसं करायचं हे सांगायचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण या विषयाच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या घरचा आहे. दुसऱ्याला काय जाणवतंय हे मला कसं कळणार? आणि तो जे सांगतो ते मी कधी खरं मानायचं?

एक चार वर्षांचं मूल घेऊ. त्याला बंडू म्हणू. सकाळची वेळ, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवताहेत, आणि बंडू शाळेचा शर्ट काढून फेकतो. ‘टोचतंय.’ आई कॉलर चाचपून बघते. आत कंपनीचं एक इवलंसं लेबल, बाकी काही नाही. ‘काही टोचत नाहीये, नाटकं करू नकोस.’ शर्ट पुन्हा चढवला जातो, बंडू किंचाळतो, एखादा धपाटा बसतो. हेच कुणाच्या घरी मोज्यांवरून होतं, कुणाच्या घरी केस विंचरण्यावरून. कुठे कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरणारी मुलगी असते.

आता आईचं वाक्य जरा सावकाश बघा. तिला नक्की माहीत काय आहे? तिच्या बोटाला ते लेबल टोचलं नाही, एवढंच. तिथून ती अनुमान करते की बंडूच्या मानेलाही ते टोचत नाही. अनुमानाला व्याप्ती लागते. धूर तिथे अग्नी, तसं इथे ‘माझ्या बोटाला टोचत नाही ते कुणालाच टोचत नाही’ असा नियम लागेल. असा नियम कुठे आहे? तो नाही हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. एकाला झणझणीत वाटलेली मिसळ दुसऱ्याला मिळमिळीत लागते, तेव्हा आपण कुणालाच खोटं पाडत नाही. मोठ्यांच्या बाबतीत दिलेली ही सवलत चार वर्षांच्या माणसाला मात्र आपण देत नाही.

नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात याचं उत्तर आहे. ज्याने गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि ते पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू पडतं. पंधराएकशे वर्षांपूर्वीचा, कदाचित त्याहूनही जुना ग्रंथ आहे हा! सांगणाऱ्याची जात, कूळ, विद्या यांवर काही अवलंबून नाही. त्याने जाणलं आहे का, आणि त्याला खरं सांगायचंय का, एवढे दोनच प्रश्न. मानेवर काय टोचतंय हे बंडूइतकं साक्षात जाणणारा जगात दुसरा कुणी नाही. राहिला दुसरा प्रश्न, की त्याला खरं सांगायचंय का. मुलं खोटं बोलतात, मान्य. पण रोज सकाळी, त्याच शर्टाबद्दल, मार खाऊनसुद्धा तीच तक्रार करणारा साक्षीदार कुठल्याही न्यायाधीशाला विश्वासार्ह वाटेल.

आज मला मांडायचं आहे ते एवढंच, की स्वतःच्या इंद्रियांबद्दल मूल आप्त आहे. बाकीचं याच्या ओघाने येईल.

इंद्रियं किती? शाळेत आपण पाच शिकलो. ॲरिस्टॉटलनेही पाचच सांगितली. शरीरशास्त्र आता याहून जास्त मानतं. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळतं. या स्नायू-सांध्यांच्या जाणिवेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ‘प्रोप्रियोसेप्शन’ असं नाव दिलं. कानाच्या आतल्या भागात तोल आणि गती कळण्याची यंत्रणा असते. भूक, तहान, शू लागणं, छातीतली धडधड ही आतून येणारी जाणीव आणखी वेगळी. या प्रत्येकीची तार माणसागणिक कमी-जास्त ताणलेली असते. एखाद्या मुलाला तोलाची जाणीव इतकी तीव्र असते की झोपाळ्यावर पाय जमिनीवरून सुटले की ते घाबरतं. दुसऱ्याला ती इतकी मंद, की ते दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतं, गरगर फिरतं, तरी त्याचं पोट भरत नाही. पहिलं ‘भित्रं’ ठरतं, दुसरं ‘उनाड’. शू लागल्याचं वेळेवर कळतच नाही असं मूल पाच वर्षांचं झालं तरी चड्डी ओली करतं, आणि त्याला ‘आळशी’ म्हणतात. हे सगळे शब्द आपल्या निष्कर्षाचे आहेत. त्यांत निरीक्षण कुठेच नाही.

न्यायदर्शनात आणखी एक मजेशीर युक्तिवाद आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. पाचही इंद्रियांचा त्यांच्या विषयांशी एकाच वेळी संबंध येत असतो, मग सगळी ज्ञानं एकदम का होत नाहीत? त्यांचं उत्तर असं की मध्ये मन नावाचं एक सूक्ष्म इंद्रिय आहे. ते ज्या इंद्रियाशी जोडलं जातं, त्याचंच ज्ञान होतं. आज कुणी हे शरीरशास्त्र म्हणून मानणार नाही, पण प्रश्न अचूक आहे. तुम्ही आत्ता माझं बोलणं ऐकताय. पंख्याचा आवाज, खुर्चीची पाठ, मनगटावरचा घड्याळाचा पट्टा हेही सगळं चालू होतं, पण मी नाव घेईपर्यंत ते तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ही गाळणी आहे. काही मुलांची गाळणी सैल असते. त्यांना लग्नाच्या हॉलमध्ये नेलं म्हणजे सनई, बँड, माईकवरची मंगलाष्टकं, अत्तर, जरीचा झब्बा, डोळ्यांवर येणारा व्हिडिओचा दिवा आणि गालगुच्चे घेणाऱ्या अठरा मावश्या हे सगळं एकदम, सारख्याच जोराने आत येतं. तासाभराने मूल जमिनीवर लोळण घेतं. आणि मंडळी म्हणतात, लाडावलाय.

इथे एक फरक करायला हवा, हट्ट आणि कोसळणं यांतला. हट्ट करणारं मूल रडता रडता तुमच्याकडे बघत असतं. त्याला काहीतरी हवंय, ते मिळालं की रडणं थांबतं. कोसळलेलं मूल कुणाकडेच बघत नाही. मागितलेली वस्तू हातात दिली तरी ते ती भिरकावतं. बघणारे निघून गेले तरी थांबत नाही, आणि शेवटी थकून झोपतं. दोन्हींची सरमिसळ होते, रेषा दर वेळी स्पष्ट नसते, हे मान्य. पण कोसळलेल्या मुलाशी वाद घालणं, समजावणं, ‘पाच मोजतो हं’ म्हणून धमकावणं हे सगळं त्या गाळणीत आणखी पाणी ओतणं आहे. त्याला बाजूला न्यावं, आवाज आणि प्रकाश कमी करावा, आपण बोलणं कमी करावं, जवळ बसून राहावं. शिकवायचं असेल ते दुसऱ्या दिवशी.

ही मुलं सगळी ऑटिस्टिक असतात का? नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत संवेदनांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांत प्रथमच आलं, हे खरं. पण अतिचंचल मुलांत आणि कुठलंही निदान नसलेल्या मुलांतही असे प्रतिसाद दिसतात. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या पुस्तिकेत हे स्वतंत्र निदान म्हणून नाही. नावावर वाद आहे. मुलाच्या अडचणीवर नाही.

थोडं इतिहासाकडे वळतो, कारण मुलाचं न ऐकण्याची किंमत काय होते ते तिथे दिसतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं. बारकाईने केलेलं काम आहे ते. मोठ्या आवाजाची या मुलांना वाटणारी भीतीही त्यांनी नोंदवली होती. पण पुढची दोन-अडीच दशकं चर्चा वळली ती आईकडे. आई थंड, प्रेमशून्य, म्हणून मूल मिटून गेलं असं सांगितलं जाऊ लागलं. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर ही कल्पना घराघरांत नेली. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि अशा एका मुलाचे वडीलही होते, याचं मूळ मेंदूच्या घडणीत असल्याचं पुराव्यानिशी मांडलं होतं. तरी आयांचा अपराधभाव वर्षानुवर्षं गेला नाही. आपल्याकडे तो वेगळ्या शब्दांत येतो: ‘तू नोकरी करतेस ना, म्हणून’, ‘मोबाइल दिलास, भोग आता’. मोबाइल लहान मुलाला देऊ नये, बरोबर. पण लेबल टोचण्याशी त्याचा काय संबंध?

मग टेंपल ग्रँडिन यांचं १९८६ चं आत्मकथन आलं. त्या स्वतः ऑटिस्टिक, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लोकांनी मिठी मारलेली त्यांना सोसत नसे, पण सर्वांगाला सारखा, घट्ट दाब हवासा वाटे. मावशीच्या रँचवर गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा पिंजरा पाहून त्यांनी स्वतःसाठी तसं दाब देणारं यंत्र बनवलं. मिठी नको आणि दाब हवा, हे बाहेरून बघणाऱ्याला विसंगत वाटतं. आतल्या माणसाने सांगितल्यावर ते सरळ होतं. हलका, अवचित स्पर्श त्रास देतो, आणि स्वतःच्या ताब्यातला घट्ट स्पर्श शांत करतो. आप्तवचनाची किंमत ही अशी.

आता घरी काय करायचं? सगळ्यात आधी एक वही. पंधरा दिवस. मूल कधी बिघडलं, त्याच्या आधी अर्धा तास काय चाललं होतं, जागा कुठली, झोप आणि पोट कसं होतं, आणि कशाने शांत झालं. ‘हट्टी’, ‘मुद्दाम’ असे शब्द वहीत लिहायचे नाहीत. जे दिसलं, ऐकू आलं तेच. ‘मिक्सर लावला, कान झाकले, आतल्या खोलीत गेला, दहा मिनिटांनी आला.’ बहुतेक वेळा पंधरा दिवसांत काहीतरी आकार दिसू लागतो. शिवाय डॉक्टरांकडे गेल्यावर हीच वही सगळ्यात उपयोगी पडते.

मग साधे बदल. लेबल उसवून काढा. मोजे उलटे घाला, शिवण बाहेर येते. नवा कपडा दोन-तीनदा धुऊन मऊ करा. मिक्सर लावण्याआधी सांगा. शक्य तर बटण मुलालाच दाबू द्या, कारण आपण केलेला आवाज आणि अंगावर आलेला आवाज यांत फार अंतर असतं. केस धुताना ‘दहा मोजेपर्यंत’ म्हणा आणि खरोखर दहालाच थांबा. अकरा झाले की उद्या तुमच्या दहावर कोण विश्वास ठेवणार? आप्त होण्याची अट आपल्यालाही लागू आहे ना. दिवाळीच्या पहाटे उटणं सोसत नसेल तर नुसतं कोमट तेल, हलक्या बोटांऐवजी तळव्याने, दाबून. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशाचा मार्ग टाळा, आणि टाळता येत नसेल तर कानांवर बसणारे मफ घाला. कुणी हसलं तर हसू दे.

ज्या मुलाला हालचाल कमी पडते त्याला बसून राहायला सांगण्यापेक्षा जड काम द्यावं. कणीक तिंबणं, पाण्याची कळशी नाही तरी तांब्या भरून नेणं, कपड्यांची बादली ढकलणं, भाजीची पिशवी धरणं. आपल्या जुन्या घरांत ही कामं मुलांना आपोआप मिळत. माँटेसोरीबाईंची इंद्रियशिक्षणाची साधनंही अशीच हाताला काम देणारी आहेत. रोममध्ये १९०७ मध्ये त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, त्याआधी त्या बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. म्हणजे आपण ज्या पद्धतीला ‘नॉर्मल’ मुलांची बालवाडी समजतो, तिचं मूळ या मुलांपाशी आहे.

जेवणाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मराठी घरात सगळ्यात मोठी लढाई पानावर होते. कालवलेला वरणभात काही मुलांना अशक्य असतो. मऊ आणि कणीदार एकत्र, त्यात मध्येच कढीपत्ता. भात वेगळा, वरण वाटीत वेगळं दिलं तर तेच मूल दोन्ही खातं. बोटांना चिकटलेला भात नको वाटत असेल तर चमचा द्या. ‘हाताने जेवणं ही आपली संस्कृती’ हे व्याख्यान दोन वर्षांनी देता येईल. नवा पदार्थ पानात कोपऱ्यात एक घास ठेवायचा, खायची सक्ती नाही. वास घेतला, बोट लावलं, तेवढंही त्या दिवशी पुरे. तोंड दाबून भरवू नये. त्याने मूल आणखी मिटतं, आणि ठसका लागण्याचा धोका असतो तो वेगळाच. मात्र खाण्याचे पदार्थ कमी होत होत चार-पाचांवर आले, किंवा वजन वाढेनासं झालं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, असं सगळं मुलाच्या मनासारखं केलं तर ते जगात कसं टिकेल?’ चांगला प्रश्न आहे, आणि बहुतेक आजोबांचा असावा. मुलाचं म्हणणं खरं मानणं आणि ते म्हणेल ते सगळं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘टोचतंय हे खरं आहे, आणि शाळेतही जायचं आहे’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी सत्य असू शकतात. त्यांतून लेबल कापण्याचा मार्ग निघतो. पहिलं विधान नाकारलं की उरते फक्त ताकद. आणि सगळं कायमचं टाळायचं असंही नाही. लग्नाला जायचं, पण अर्धा तास. आधी रिकामा हॉल दाखवायचा, बाहेरची एक शांत जागा ठरवून ठेवायची, मुलाने खूण केली की दोघांपैकी एकाने त्याला तिथे न्यायचं. पुढच्या लग्नाला पाऊण तास. जी सहनशक्ती वाढते ती अशीच वाढते. मुलाला परतीची वाट माहीत असली तर ते जास्त आत जातं.

आता सावधगिरीचं. बोलणं उशिरा येत असेल तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ यावर विसंबू नका. वर्षाचं मूल बोटाने दाखवत नसेल, सव्वा ते दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. नावाला ओ न देणारं मूल कधी कधी फक्त कमी ऐकत असतं. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. अंगणवाडीताईंना विचारा. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतींचा हक्क आहे.

उपचारांच्या बाजाराबद्दल माझं मत कडक आहे. संवेदना-एकात्मीकरणाची थेरपी ए. जीन एअर्स यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मांडली. प्रामाणिक बाई, मोठं काम. पण तिच्या परिणामांचा पुरावा संमिश्र आहे. ब्रिटनमधल्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ऑटिस्टिक मुलांना नेहमीच्या मदतीपेक्षा या थेरपीने स्पष्ट जास्त फायदा दिसला नाही. म्हणून थेरपिस्टकडे जाऊच नये असं मी म्हणत नाही. चांगली थेरपिस्ट रोजच्या जगण्यातली अडचण पकडते, कपडे, जेवण, शाळेतला बाक. तिला विचारा की तीन महिन्यांत काय बदलायला हवं आणि ते आपण कसं मोजणार. उत्तर मिळालं नाही तर पैसे जपा. आणि ऑटिझमसाठी मूलपेशींची इंजेक्शनं देणाऱ्यांपासून दूर राहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असा वापर संशोधनाच्या चौकटीबाहेर मान्य नाही. त्यासाठी घर गहाण टाकणारे आईवडील असतात, म्हणून मुद्दाम बोललो.

शेवटची चिठ्ठी. ‘आमची मुलगी पाच वर्षांची आहे, बोलत नाही. ती आप्त कशी?’

ताई, आप्ताच्या लक्षणात जाणणं आहे आणि कळवण्याची इच्छा आहे. तोंडाने बोलण्याची अट त्यात नाही. ती तुमचा हात धरून दाराकडे ओढते, ते सांगणंच आहे. कान झाकते, पाठ फिरवते, घास थुंकते, हीही वाक्यं आहेत. त्यांना थोडी मदत करा. चार चित्रं करा: पाणी, बाहेर, पुरे, आवाज नको. फोनवर काढलेले फोटो चालतील, दुकानातलं महागडं काही नको. चित्रं दिल्याने बोलणं मागे पडेल अशी भीती घरातली मोठी माणसं घालतील. तसं होत नाही, उलट काही मुलांचं बोलणं त्यानंतर वाढल्याचं संशोधनात दिसतं. आणि सुरुवातीला एक पाळा. तिने ‘बाहेर’ या चित्राला हात लावला, तर स्वयंपाक अर्धा टाकून का होईना, तिला बाहेर न्या. दोन मिनिटं पुरतील. ‘पुरे’ला हात लावला तर ताट उचला. चित्राला उत्तर मिळतं हे तिला पंधरावीस वेळा दिसायला हवं. ‘थांब, पाच मिनिटांनी’ हे तिला त्यानंतर शिकवता येईल.

शाळेत प्रवेश मिळण्याबद्दलच्या तीन चिठ्ठ्या राहिल्या आहेत. त्या पुढच्या शनिवारी घेऊ.